विशेषणं न लावता लिहायचं

तू विचारलंस की एमएसडब्ल्यू झालंय, नाशिकला रिमांड होममध्ये तीन वर्षं काम केलंय, नवऱ्याची बदली न्यू जर्सीला होतेय, पाच वर्षांची मुलगी आहे, तर मी करते तसं तिथल्या अल्टरनेटिव्ह स्कूलमध्ये (नेहमीच्या शाळेत न टिकलेल्या मुलांची शाळा) बिहेवियर एडचं, म्हणजे मुलांच्या वागण्याकडे लक्ष देणाऱ्या मदतनिसाचं काम मिळेल का आणि जमेल का. दोन दिवस उत्तर लिहायचं टाळत होते. नुसतं 'जमेल' लिहून माझंच समाधान होईना.

व्हिसा आणि वर्क परमिटचं सरकारी संकेतस्थळावरच वाच, ते सारखं बदलत असतं. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरून बायकोला मिळतो त्या व्हिसावर, २०१२ साली आले आणि चार वर्षं घरी बसले, एवढंच सांगते. आमच्यासारख्यांना काम करायची वाट उघडली ती २०१५ च्या मे महिन्यात, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे गेलेलं असेल तरच.

आता कागदांचं. न्यू जर्सीत २०१८ साली एक कायदा झाला. शाळेत नव्याने लागणाऱ्या माणसाने गेल्या २० वर्षांत जिथे जिथे मुलांशी थेट संबंध येणारी नोकरी केली असेल, तिथे तिथे ही शाळा चौकशी करते. या व्यक्तीवर मुलांशी गैरवर्तनाचा आरोप किंवा तपास कधी झाला होता का, असा तो फॉर्म असतो. कायदा चांगला आहे, आई म्हणून मला तो हवाच आहे. पण मी लग्नाआधी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चार वर्षं शिकवलं होतं. इथून गेलेला ईमेल तिथे कुणी उघडलाच नाही. मी फोन केला तर क्लार्क दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तिकडं तुमच्यावर काही केस झाली का?" 'गैरवर्तन' वाचूनच सगळे हादरले होते. माझ्या वेळच्या मुख्याध्यापिका निवृत्त झालेल्या, नवे सर म्हणाले, "मी यांना ओळखतच नाही, सही कशी करू?" माझा भाऊ तीन वेळा एसटीने जाऊन ऑफिसबाहेर बसला. सात आठवड्यांनी शिक्का मिळाला. तोवर गावात कुजबुज पोचली होती, आईला एका लग्नात कुणीतरी विचारलंसुद्धा, पोरीचं तिकडं काय झालं म्हणून. तो प्रश्न आईने माझ्यासाठी ऐकून घेतला, हे मला अजून बोचतं.

म्हणून तू निघण्याआधी रिमांड होमच्या अधीक्षकांना स्वतः जाऊन भेट. असा फॉर्म येईल, तो सगळ्यांनाच येतो, हे समोर बसून समजावून सांग. नोकरीच्या तारखा असलेलं लेटरहेडवरचं पत्र घे, रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता घे. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्टची (गुणांच्या अधिकृत नोंदीची) सीलबंद पाकिटं दोन जास्तीची काढून ठेव आणि ती फोडू नकोस.

पैशाचं थोडक्यात. आमच्यासारख्या एडना तासावर पगार असतो. शाळा वर्षातले १८० दिवस चालते, उन्हाळ्यात हातात काही येत नाही. पुष्कळ ठिकाणी आठवड्याला २९ तासच देतात, कारण ३० झाले की आरोग्य विमा द्यायची जबाबदारी मालकावर येते. मुलाखतीत तास विचारूनच घे.

आता काम. आमच्याकडे येणारी मुलं १३ ते १८ वयाची. नेहमीच्या शाळेतून मारामारीमुळे काढलेली, महिनोन् महिने शाळेत न गेलेली, घरात कुणीतरी तुरुंगात किंवा व्यसनात असलेली. वर्गात १२ च्या वर मुलं नसतात. अपंगत्वाची नोंद असलेल्या मुलाकडे शस्त्र किंवा अमली पदार्थ सापडले, तर त्याला ४५ शालेय दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवता येतं. अशी काही मुलं आमच्याकडे येतात, ४५ दिवस पुरे झाले की जातात. पुढे काय झालं ते आपल्याला कुणी सांगत नाही.

तुझा रिमांड होमचा अनुभव उपयोगी पडेल, पण आपला आवाज तिथेच ठेवून ये. 'माझ्याकडे बघ' म्हणायचं नाही. भडकलेल्या मुलासमोर छाती काढून उभं राहायचं नाही. थोडं तिरकं, हात दिसतील असं, दोन पावलं लांब उभं राहायचं आणि दाराची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची. हे प्रशिक्षणात दोन दिवसांत शिकवतात. माझ्या अंगात मुरायला वर्ष गेलं.

आणि नोंदी. प्रत्येक घटनेचे तीन रकाने असतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. विशेषण चालत नाही. 'चिडला' लिहिलं तर सुपरवायझर कागद परत देते आणि विचारते, तुला दिसलं काय? मग लिहायचं, 'खुर्ची ढकलली, दोनदा. चार मिनिटं भिंतीकडे तोंड.' एक मुलगा होता, डोक्यावर हुड ओढून बसायचा. एकदा म्हणाला, तू माझ्याबद्दल दिवसभर काय लिहितेस? मी सुपरवायझरला विचारून त्याच्या दिवसाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. 'दहा वाजून पाच मिनिटं, डोकं बाकावर. दहा वाजून बारा मिनिटं, डोकं वर, पेन्सिल उचलली.' त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. "पेन्सिल उचललेली तू बघितलीस?" एवढंच विचारलं त्याने. त्या दिवशी हुड तसाच राहिला, पण गणिताची तीन उदाहरणं झाली.

हे सगळं घरी बोलता येत नाही. कायद्यानेच बंदी आहे, आणि ती योग्य आहे. (वरच्या मुलाची ओळख पटेल असं सगळं मी बदललंय.) एकटेपणाचं तू विचारलंस, त्यावर फार लिहीत नाही. येतो. एडिसनकडे मराठी माणसं खूप आहेत, गणपतीत जा, ओळखी होतील. पण संध्याकाळी नवरा 'कसा गेला दिवस' विचारतो आणि आपण 'बरा' म्हणतो, तेवढी सवय कर.

आता तुझ्या मुलीचं. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

शाळेत नाव घालताना एक फॉर्म येतो, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. त्यावरून माझ्या मुलाची इंग्रजीची चाचणी झाली. तो आमच्याशी दोन्ही भाषांत अखंड बोलायचा, पण अनोळखी बाईंसमोर एक शब्द बोलला नाही. पहिलीत त्याला रोज ४० मिनिटं वेगळ्या खोलीत इंग्रजीला नेऊ लागले. नेमका विज्ञानाचा तास. वर्गाने सुरवंट पाळले होते, त्यांना हा रोज न्याहाळायचा, घरी येऊन मला कोष कसा लोंबतो ते करून दाखवायचा. फुलपाखरं सोडली तेव्हा तो त्या दुसऱ्या खोलीत होता. परत आला तर जाळीचा पिंजरा रिकामा. मला हे शाळेच्या पत्रकातल्या फोटोवरून कळलं. सगळ्या पोरांचे हात वर, आणि माझा लेक कुठेच नाही.

त्याच्या प्रगतिपुस्तकात 'लाजाळू' लिहून यायचं आणि मीही तेच म्हणत राहिले. बाईंनी सांगितलं घरी इंग्रजी बोला, तर मी तेही ऐकलं. आता तो कॉलेजचे फॉर्म भरतोय. आजीचा व्हिडिओ कॉल आला की तिचं सगळं समजतं त्याला, उत्तर मात्र इंग्रजीत देतो, आणि मी मधे बसून सांगत असते. दुसऱ्यांच्या मुलांचं दर पाच मिनिटांनी टिपायला मी शिकले, ते हे सगळं होऊन गेल्यावर. तेव्हा घरात असा कागद ठेवला असता तर त्यात दिसलं असतं की दुपारी साडेतीनला तो बसमधून उतरायचा, पहिली दहा मिनिटं बोलायचाच नाही, आणि फुलपाखरांच्या आधी तसं नव्हतं.

तुझ्यापुढे तो फॉर्म येईल तेव्हा मराठीच लिही. चाचणीला नेताना तिला आदल्या दिवशी ती खोली दाखवून आण. आणि निवड झालीच तर तिथेच उभी राहून विचार, माझ्या मुलीला कोणत्या तासाला बाहेर काढणार आहात. मी विचारलं नव्हतं.