‘उद्या’ या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगायचा?

तुमच्या गल्लीत उत्तर प्रदेश आणि बिहारमधली काही कामगार कुटुंबे राहायला आली आहेत, ती आपापसांतच वावरतात आणि मराठी बोलत नाहीत. तेव्हा मिसळून जाण्याची जबाबदारी मुळात त्यांचीच नाही का, असे तुम्ही विचारले आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळ माझ्या आठ खोल्या भाड्याने आहेत आणि गेली अनेक वर्षे त्यांत प्रामुख्याने अशीच कुटुंबे राहत असल्यामुळे अनुभवावरून लिहितो. जबाबदारी दोघांची आहे, पण ती सारखी नाही, आणि सुरुवात आपल्याकडून व्हावी लागते, असे माझे मत झाले आहे.

हे मत एका लहानशा प्रसंगाने पक्के झाले. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीचे काम निघाले, म्हणून मी जिन्याजवळ कागद लावला : ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही.’ दुसऱ्या दिवशी गोपालगंजकडच्या एका बाईंच्या घरात घोटभर पाणी नव्हते आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, की हे लोक सूचना वाचतच नाहीत. मी त्यांना कागदापाशी नेले, तेव्हा त्यांनी ते वाक्य अडखळत का होईना, पूर्ण वाचून दाखवले, कारण लिपी एकच आहे, आणि ‘उद्या’वर बोट ठेवून विचारले, “काका, ये उद्या क्या होता है?” हिंदीत त्यासाठी ‘कल’ म्हणतात. त्या चार वर्षे आमच्यात राहत होत्या आणि एवढा एक शब्द त्यांना सांगावा असे आम्हा कोणालाच वाटले नव्हते. मराठी शिकण्याची जबाबदारी त्यांचीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भाषा माणसांशी बोलून येते, आणि बोलणारी माणसे आपण आहोत.

नाशिकमध्ये ‘मूळचे’ कोण, हाही प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे देवळाली कॅम्पला आली. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ पासून आहे आणि ओझरचा विमान कारखाना १९६४ पासून, त्या दोन्ही ठिकाणी गावोगावची माणसे कामाला आली. माझे वडील खानदेशातल्या अमळनेर तालुक्यातून नाशिकच्या सातपूरला आले. आमच्या घरातल्या अहिराणीला शाळेत पोरे हसायची आणि श्रावणात आई कानबाई ही खानदेशातली देवी बसवायची तेव्हा शेजारी विचारायचे, की हा कोणता देव. आज सिडकोत कानबाईची मिरवणूक निघाली, की सगळा रस्ता बघायला थांबतो. गोदाकाठच्या छठपूजेकडे मी म्हणूनच परक्या लोकांचे काहीतरी म्हणून पाहू शकत नाही.

आता ज्या गोष्टीत मी स्वतः चुकलो, ती सविस्तर सांगतो. कित्येक वर्षे मी एकाही भाडेकरूला करारनामा करून दिला नाही. ‘खोली नावावर करून घेतील’ ही भीती होती आणि नोंदणीचा खर्चही नको होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर असते, भाडेकरूवर नव्हे. हा कागद नसला, की आधारवरचा पत्ता बदलणे, बँकेत खाते उघडणे, मतदारयादीत नाव घालणे, प्रत्येक ठिकाणी माणूस अडतो. म्हणजे त्याने इथला व्हावे अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि इथला असल्याचा पुरावा आपणच त्याला नाकारतो. मी सगळे करार केले त्या वर्षी दोन कुटुंबांनी गावाकडे ठेवलेली मुले इथे आणून महापालिकेच्या शाळेत घातली. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे, पण ते त्यांना सांगणारे कोणीतरी लागते. बिहारच्या रेशनकार्डावर नाशिकच्या दुकानातून धान्य मिळते, हेही बहुतेकांना ठाऊक नसते.

त्यांच्या बाजूच्या जबाबदाऱ्यांबद्दल मी तितकाच आग्रही आहे. करारात चार माणसे लिहून खोलीत नऊ जण राहणे मला मान्य नाही. नवा माणूस आला, की त्याचे नाव आणि ओळखपत्र मला मिळालेच पाहिजे. घंटागाडीच्या वेळेला कचरा खाली आणायचा, वऱ्हांड्यात कपडे धुवायचे नाहीत, रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्याच्या भिंतीला लागून मोबाइल मोठ्याने लावायचा नाही. आणि मराठी शिकायचीच. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे मुले शिकतातच. पण दवाखान्यात आठ वर्षांच्या मुलीने आईचे दुखणे डॉक्टरांना समजावून सांगावे, ही वेळ आईने येऊ देऊ नये.

२००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि कामगार भीतीने नाशिक सोडून गेले, तेव्हा सातपूर-अंबडच्या कित्येक शेडमध्ये मशीन चालवायला माणूस उरला नव्हता. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत, १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्याच रात्री, नाशिकरोडहून भोपाळला श्रमिकांची विशेष गाडी सुटली. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, तरी अडचण आली, की परतावेसे वाटावे इतकेच नाते आपल्यात आणि त्यांच्यात तयार झाले होते, याचे मला आजही फार वाईट वाटते.

तुमच्या गल्लीत त्या कुटुंबांपैकी किती जणांकडे नोंदणीकृत करार आहे, हे आधी घरमालकांना विचारा. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. ते झाले, की घरातल्या बाईंना हळदीकुंकवाला बोलवा, आणि त्यांच्याशी हिंदीत नव्हे तर सावकाश मराठीत बोला.