भाऊ अफूच्या वाटेला कधी गेला नाही, मग दारूसाठी नाल्ट्रेक्सोन का?

ताई, नाल्ट्रेक्सोन अफूचं व्यसन सोडवायलाही देतात, म्हणून तुम्हाला शंका आली. पण डॉक्टरांची चिठ्ठी चुकलेली नाही. हीच गोळी मी आठ महिने घेतली आणि पहिल्या दिवशी मलाही हाच प्रश्न पडला होता.

अफू मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांना (पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना) चिकटते, ते मुळात अफूसाठी नाहीतच. मेंदू स्वतः एंडॉर्फिन नावाची रसायनं बनवतो, ते त्यांच्यासाठी आहेत. दारू त्यांना थेट चिकटत नाही. ती मेंदूला एंडॉर्फिन सोडायला लावते. ते यांपैकी म्यू नावाच्या रिसेप्टरवर बसलं की डोपामिनला, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाला, आवरून धरणाऱ्या पेशी गप्प होतात, डोपामिन वाढतं आणि 'अजून एक' ही ओढ लागते. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पेट स्कॅनवर (मेंदूतली रसायनांची हालचाल दाखवणाऱ्या तपासणीत) दारूने एंडॉर्फिन सुटतं हे माणसांत दाखवलं. भरपूर पिणाऱ्यांच्या मेंदूत कपाळामागच्या एका भागात एंडॉर्फिन जितकं जास्त सुटलं, तितकी त्यांना जास्त चढल्यासारखी वाटली.

नाल्ट्रेक्सोन त्याच जागा अडवून बसतं. 1992 मध्ये अमेरिकेत 70 माजी सैनिकांवर 12 आठवडे प्रयोग झाला: औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 54 टक्के पुन्हा पूर्वीसारखे प्यायला लागले, नाल्ट्रेक्सोनवाल्यांपैकी 23 टक्के. 1994 साली तिथे ते दारूसाठी मंजूर झालं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही खरं.

मला आला. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नात मी घसरलो, एक ग्लास घेतला. तो संपला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे गेलाच नाही. वीस वर्षं मी स्वतःला नालायक समजत होतो. त्या रात्री मांडवाबाहेर बसून रडलो. पण त्या एका ग्लासाची दारू चढली होतीच, चालताना झोक जात होता. गोळी नशा उतरवत नाही, त्यामुळे पिऊन गाडीची किल्ली हातात नकोच.

घरचे लोक जेवणात चोरून घालतात ते दारू सोडवायचं दुसरं औषध, डायसल्फिराम. त्यावर दारू घेतली तर उलट्या, धडधड, जिवावरही बेतू शकतं. ही गोळी तशी नाही, पण हीसुद्धा भावाला सांगूनच द्या.

आणि एक आजच विचारा: तो ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतो का? ही दोन्ही अफूच्या जातीची, त्याच रिसेप्टरांवर बसणारी. घेत असेल तर नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर अंगावर जोरात काटा, जुलाब, तडफड असा त्रास होतो. यकृताची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.