वाचकांचे प्रश्न : टक्क्यांआधी मुदत पाहावी

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहतो, भजन आणि नाट्यसंगीत गातो. तुकोबांचे पाच अभंग आणि आमच्या भागातील एका कवींच्या तीन कविता यांना मी स्वतः चाली लावल्या आहेत. त्यांपैकी तीन अभंग म्हापशाच्या एका स्टुडिओत स्वखर्चाने ध्वनिमुद्रित केले होते. ते ऐकून मुंबईच्या एका कंपनीने आठही गाण्यांसाठी इंग्रजीत करार पाठवला आहे. ६० हजार रुपये आगाऊ, पुढे उत्पन्नाचा १५ टक्के वाटा, तीन वर्षे इतर कोणासाठीही न गाण्याची अट आणि सर्व हक्क कायमचे कंपनीकडे, असे त्याचे स्वरूप आहे. उरलेल्या पाच गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचा १ लाख ४० हजारांचा खर्चही माझ्या वाट्यातून वळता होणार आहे. आठ दिवसांत सही मागितली आहे. मित्र म्हणतात, वाटा २० टक्के मागावा. आपला सल्ला काय?
— एक गायक, फोंडा

उत्तर : मित्रांचा सल्ला आपल्या हिताचाच आहे, परंतु या करारातील सर्वांत महाग कलम टक्केवारीचे नाही. ‘कायमचे’ आणि ‘इतर कोणासाठीही नाही’ ही दोन कलमे अधिक जड आहेत. बोलणी तेथूनच सुरू करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आपल्याजवळ काय आहे ते पाहू. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन स्वतंत्र मालमत्ता असतात. तुकोबांच्या शब्दांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क (कॉपीराइट) नाही. मात्र आपण लावलेली नवी चाल आपली आहे आणि तिचे संरक्षण आपल्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकते. तीन कवितांचे शब्द कवींचे आहेत. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माता असतो, म्हणजे ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती वा संस्था. म्हापशात मुद्रित केलेल्या तीन अभंगांचे निर्माते आपणच आहात. ते तीन आणि कंपनी करणार असलेली पाच गाणी एकाच कलमात बांधली जाणे आपल्याला मान्य नाही, हे पहिल्याच पत्रात कळवावे. त्या तीन अभंगांसाठी मालकी न देता ठरावीक मुदतीचा वापर-परवाना द्यावा.

चालीच्या बाबतीत आपली बाजू आपल्याला वाटते त्याहून भक्कम आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणात समाविष्ट असलेल्या रचनेच्या संगीतकाराला व गीतकाराला रॉयल्टीतील, म्हणजे रचनेच्या वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्यातील, बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही. वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला तो देता येतो, पण कंपनीला नाही, आणि तसे लिहून दिले तरी ते कलम निरर्थक ठरते. आपल्या करारातील १५ टक्के गायनाचे आहेत की गायन व चाल या दोन्हींचे, हे म्हणूनच लेखी विचारावे. ‘या रकमेत गायकाचे सर्व दावे पूर्ण झाले’ अशा अर्थाचे वाक्य असल्यास ते काढून टाकण्यास सांगावे. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी संगीतकार आणि गीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. आपण आणि कवी दोघांनीही तिचे सभासद व्हावे आणि करारातील कोणतेही कलम त्या सभासदत्वाच्या आड येणार नाही, असे नमूद करून घ्यावे.

आता पैशांचा हिशेब. आगाऊ रकमेला बक्षीस समजू नये; ती आपल्याच पुढील कमाईतून आधी दिलेली असते. ६० हजार आणि १ लाख ४० हजार मिळून २ लाख रुपये आपल्या नावे लिहिले जातील आणि ते आपल्या १५ टक्क्यांतून फिटतील. म्हणजे कंपनीकडे सुमारे १३ लाख ३३ हजार रुपये जमा होईपर्यंत आपल्याला पुढचा रुपयाही मिळणार नाही. तोपर्यंत कंपनीच्या ८५ टक्क्यांत मात्र ११ लाख ३३ हजार आलेले असतील. वाटा २० टक्के झाला तरी हा टप्पा १० लाखांवर येतो, एवढाच फरक. त्यापेक्षा असे मागावे, की एकूण उत्पन्नातून आधी कंपनीने आपला २ लाखांचा खर्च पूर्ण भरून घ्यावा आणि त्यानंतर वाटणी निम्मी-निम्मी व्हावी. कंपनीचा धोका यात वाढत नाही, तिचा पैसा सर्वांत आधी सुटतो, म्हणून ही मागणी पटवून देणे सोपे जाते. ‘निव्वळ उत्पन्न’ काढताना कोणकोणते खर्च वजा होतील, त्यांची यादी आणि कमाल मर्यादा करारातच असावी. खर्चाची वसुली चालीच्या रॉयल्टीतून होणार नाही, हेही लिहून घ्यावे.

मुदतीकडे येतो. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालते, तेव्हा ‘कायमचे’ म्हणजे आपल्या नातवंडांपर्यंतचा व्यवहार होय. करारात मुदतच लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता मानतो. परंतु आपल्या करारात ‘कायमचे’ हा शब्द असल्याने त्या तरतुदीचा आधार उरत नाही. माझ्या मते पाच ते सात वर्षांचा परवाना मागावा आणि मुदत संपताच मूळ ध्वनिमुद्रणे आपल्याकडे परत यावीत. कंपनी खर्च करत असलेल्या पाच गाण्यांबाबत ती येथे अडून बसली, तर मुदत थोडी वाढवावी, पण चालींची मालकी देऊ नये. गाणी ताब्यात आल्यापासून सहा महिन्यांत ती प्रसिद्ध झाली नाहीत, तर हक्क आपोआप परत येतील, असेही कलम हवे. कायद्यात अशी एक वर्षाची तरतूद आहे, मात्र करारात वेगळे लिहिले असल्यास ती लागू होत नाही. आणि कंपन्या बहुधा वेगळेच लिहितात.

तीन वर्षे इतरत्र न गाण्याची अट गोव्यातल्या गायकाला विशेष जाचक आहे. चतुर्थीतली भजने, देवस्थानांच्या जत्रा, शिगमो, कला अकादमीच्या भजनी स्पर्धा, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरील कार्यक्रम, गावातले संगीत नाटक, यांवरच तर आपली वर्षभराची मिळकत आणि ओळख उभी आहे. बंधन ठेवायचेच असेल, तर ते याच आठ गाण्यांच्या नव्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणापुरते असावे. प्रत्यक्ष कार्यक्रम, आकाशवाणी, रंगभूमी आणि शिकवणी त्यातून नावानिशी वगळावीत. श्रोत्यांनी देवळात टिपलेल्या आपल्या गायनावर कंपनी यूट्यूबवर दावा लावणार नाही, हेही येथेच मागून घ्यावे. पुढच्या अल्बमवर कंपनीला पहिला अधिकार देणारे कलम असेल, तर किमान रक्कम व उत्तर देण्याची मुदत ठरल्याशिवाय ते स्वीकारू नये.

‘सर्व हक्क माझेच आहेत, वाद झाल्यास नुकसानभरपाई मी देईन’ अशी हमी अशा करारांत असते. कवींची लेखी संमती आणि वादकांचे संमतिपत्र हाती आल्याशिवाय ती देऊ नये. हिशेब दर सहा महिन्यांनी मिळावा, सनदी लेखापालाकडून तो तपासता यावा आणि वाद पणजीत चालावा. शेवटची मागणी कंपनी सहसा मान्य करत नाही. देवाणघेवाणीत काही सोडावे लागले, तर ती सोडावी.

आठ दिवसांची मुदत ही घाई लावण्याची रीत आहे. मागण्या ईमेलने पाठवाव्यात. फोनवरच्या आश्वासनांना अर्थ नसतो, कारण ‘या लिखाणाबाहेर काहीही ठरलेले नाही’ असे कलम करारात बहुधा असतेच. स्वामित्वहक्काचे काम करणाऱ्या वकिलाला संपूर्ण मसुदा दाखवावा. ती फी या व्यवहारातला सर्वांत रास्त खर्च आहे.

प्रश्न : मी पखवाज वाजवतो. एका अल्बमसाठी एकरकमी मानधन घेतले, पण माझे नाव कोठेही दिले नाही. काही मागता येईल का?
— एक वादक, सांखळी

उत्तर : होय. २०१२ नंतरच्या कायद्यात सादरकर्त्याला आपल्या वादनाशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्क आहे. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देणे शक्य नसेल, तेवढाच अपवाद. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवरही सादरकर्त्याचा हक्क कायद्याने मानला आहे. मानधनाची पावती किंवा आपण सही केलेला कागद शोधून त्यातील मजकूर तपासावा आणि निर्मात्याला पत्र लिहून गाण्याच्या माहितीत नाव घालण्यास सांगावे. ऑनलाइन माहितीत ते आजही घालता येते. पुढच्या वेळी वाजवण्यापूर्वीच एका पानावर मानधन, नाव कसे लिहायचे आणि कोणत्या गाण्यांसाठी वादन केले, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.