जनरेटर दारात आला, आता आत कसा न्यायचा?

पावसाळा तोंडावर आला की घरगुती जनरेटरबद्दल विचारणा वाढते. या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: यंत्र ठरले, पैसे भरले, आता ते जागेवर न्यायचे कसे? खरे तर हा प्रश्न पैसे भरण्याआधीचा. असो.

प्रश्न : कोथरूडला आमचा जुना बंगला आहे. मागच्या अंगणात १५ केव्हीएचा सायलेंट (आवाज दाबणाऱ्या डब्यातला) जनरेटर बसवायचा आहे. बंगल्याच्या बाजूने साडेतीन फुटांचा बोळ आहे. विक्रेता म्हणतो, "आठ माणसे लावू, ढकलत नेऊ." जमेल का?

ढकलत नेणे जमेल, पण आठ माणसे लावून नाही. या क्षमतेचा डबाबंद संच साधारण ७०० ते ८०० किलोचा असतो. नेमके वजन यंत्राच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात मिळेल, तेच धरा. आठ जणांत वाटले तरी माणशी शंभर किलोच्या आसपास येतात, आणि तुमच्या बोळात आठ जण उभे तरी कुठे राहणार? डबा तीन फुटांच्या आसपास रुंद असतो. उरलेल्या अर्ध्या फुटात, म्हणजे भिंत आणि डबा यांच्यामध्ये, कोणीही शिरायचे नाही. माणसे एक तर पुढे, नाही तर मागे.

हे काम तीन-चार जाणत्या माणसांचे आहे. सामान म्हणजे दोन पहारी, लाकडी ठोकळे, चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) आणि दोन इंची जाड पाइपचे चार-पाच तुकडे. पहारीने एक कड बोटभर उचलायची आणि लगेच खाली ठोकळा सारायचा. जेवढे उचलले तेवढे पॅकिंग, मधे पोकळी ठेवायची नाही. मग पाइप घालायचे. पाइप डब्यापेक्षा दोन्हीकडे थोडे लांब हवेत, म्हणजे दिशा बदलायची झाली तर टोकाला हातोडीने टिचकी मारून पाइप तिरका करता येतो. मागून सुटलेला पाइप उचलून पुढे लावताना तो मुठीत धरू नका. उघड्या तळहाताने आत सारा. बोटे चेंगरतात ती नेमकी इथेच.

पण खरी गोम जमिनीत आहे. त्या काळच्या बंगल्यांत ड्रेनेजची चेंबर बाजूच्या बोळातच काढलेली असतात, आणि पाण्याची टाकी बहुधा पोर्चखाली. चेंबरचे झाकण माणसाच्या पायासाठी केलेले असते. पाइपवरून जाणाऱ्या यंत्राचा भार एकेका रेघेवर येतो, त्यामुळे एरवी वर्षानुवर्षे टिकलेले झाकण त्या दिवशी तुटते. घराचा जुना नकाशा काढा, फरशी ठोकून पाहा, चेंबर दिसले तिथे ते ओलांडून दोन्हीकडे भक्कम टेकेल अशी जाड लोखंडी प्लेट टाका. टाकीवरून जाणे टाळता येत नसेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी चॅनेल टाकून भार स्लॅबवर न येता भिंतींवर जाईल असे करा. हे इंजिनिअरला विचारूनच.

बोळ मोजताना भिंत ते भिंत मोजून भागत नाही. पावसाच्या पाण्याचा पाइप, एसीचे बाहेरचे युनिट, खिडकीची जाळी हे सगळे आत येते. यंत्राच्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापून तो वाटेने आडवा नेऊन बघा. वळणावर अडकला तर यंत्रही अडकणार. आणि मागे पोचल्यावर डब्याची दारे उघडायला जागा सोडा. नाही तर ऑइल बदलायला आलेला मुलगा तुमच्या नावाने बोटे मोडेल.

प्रश्न : आम्ही सदाशिव पेठेत राहतो. गल्लीत हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) शिरत नाही. मग यंत्र गाडीवरून उतरवायचे कसे?

हायड्रा शिरला असता तरी मी बोलावला नसता. त्याचे स्वतःचेच वजन दहा टनांच्या घरात, आणि पेठेतल्या गल्लीत खाली काय काय पुरलेले आहे ते कोणालाच धड ठाऊक नसते. चेन ब्लॉक लावलेला लोखंडी ट्रायपॉड वापरा. गाडी त्याच्या खाली घ्यायची, यंत्र वीतभर उचलायचे, गाडी काढून घ्यायची, यंत्र खाली सोडायचे. तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत, नाही तर भार आल्यावर ते फाकतात.

छोटा हत्ती टेम्पोवर आणायचा विचार असेल तर थांबा. त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, आणि तुमचे यंत्र तेवढेच किंवा त्याहून जड असू शकते. गल्लीतल्या दुचाकी आदल्या रात्रीच हलवून घ्या. सकाळी मालक सापडत नाहीत, "येथे गाडी लावू नये" ही पाटी तेवढी सापडते.

प्रश्न : धुराचा त्रास नको म्हणून औंधच्या आमच्या घराच्या गच्चीवर क्रेनने जनरेटर चढवायचा आहे. क्रेनवाला तयार आहे.

क्रेनवाला तयार असणारच, स्लॅब तुमचा आहे. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. तुमचे साडेसातशे किलो सव्वा-दीड चौरस मीटरवर उभे राहिले तर चौरस मीटरला पाचशेच्या वर जातात. यंत्र मधल्या स्लॅबवर न ठेवता, कॉलमवरून कॉलमवर टाकलेल्या लोखंडी तुळयांवर ठेवता येते. पण तसे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदावर लिहून द्यायला हवे. वर डिझेलचे कॅन जिन्याने चढवणे आलेच. माझे मत विचाराल तर यंत्र खालीच ठेवा आणि धुराचा पाइप वर न्या. नियमाप्रमाणे तो इमारतीच्या उंचीपेक्षा ०.२ गुणिले केव्हीएचे वर्गमूळ इतके मीटर वर हवा. १५ केव्हीएला हे पाऊण मीटरच्या आसपास येते.

प्रश्न : बाणेरला शेजाऱ्यांचा जनरेटर हायड्राने उचलताना पट्ट्यांनी डब्याच्या वरच्या कडा आत दाबल्या गेल्या. आमचा पुढच्या आठवड्यात येतोय. काय काळजी घ्यावी?

पट्टे डब्याला गुंडाळायचे नसतात. यंत्राला उचलण्यासाठी हूक किंवा खालच्या फ्रेममध्ये भोके दिलेली असतात, तिथेच शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) लावायचे. पट्टे खालून वर आणायचे असतील तर डब्याहून रुंद आडवी तुळई मधे घाला, म्हणजे ते कडांना टेकत नाहीत.

पट्ट्यांचा कोनही बघा. हजार किलोचे यंत्र दोन उभ्या पट्ट्यांवर असेल तर एकेकावर पाचशे किलो. तेच पट्टे फाकून जमिनीशी ३० अंशांचा कोन करू लागले की प्रत्येकावर पूर्ण हजार किलोचा ताण येतो. आखूड पट्टा आणून "चालतंय साहेब" म्हणणाऱ्याला परत पाठवा. हायड्रा "बारा टनी" असला तरी ते बारा टन बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आत घेतलेली असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने घटते. वर विजेची तार असेल तर महावितरणशी आधी बोलून पुरवठा बंद करून घ्या.

आणि चलनावर सही करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. पोचा असेल तर चलनावरच तसा शेरा लिहा.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर आमची छोटी सोसायटी आहे. लिफ्ट आणि पंपासाठी २५ केव्हीएचे मशीन बेसमेंटमध्ये ठेवायचे ठरले आहे. रॅम्पवरून उतरवताना धोका आहे का?

धोका आहे, पण आधी जागेचा फेरविचार करा. २५ जुलै २०२४ ला तुमच्याच रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काय केले तेही तुम्ही पाहिले आहे. बेसमेंटमधला जनरेटर ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी बुडतो. शिवाय खाली ताजी हवा आणि धुराची वाट दोन्ही अवघड. वर, उंच ओट्यावर जागा शोधा.

तरीही रॅम्प उतरायचाच असेल तर हजार किलोचे यंत्र आठास एक उतारावर सव्वाशे किलोच्या ओढीने खाली धावू पाहते, आणि पाइपवर त्याला अडवायला घर्षण जवळजवळ नसतेच. ते माणसांनी धरून ठेवायचे नसते. वरच्या बाजूला कॉलमला चेन ब्लॉक बांधा, गेटला नव्हे, आणि कडी-कडीने सोडा. एक जण बाजूने पाचर घेऊन चालेल. खालच्या बाजूला कोणीही नको, "जरा हात लावतो" म्हणणारे चेअरमनसुद्धा. रॅम्प ओला असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : हलवण्याआधी डिझेल काढावे का?

हो. ६० लिटर म्हणजे पन्नास किलो, आणि ते आत हिंदकळते. बॅटरीच्या वायरी सोडवा, आधी ऋण टोकाची. यंत्र आडवे कधीच करू नका.

प्रश्न : ओटा परवाच ओतला आहे. कंत्राटदार म्हणतो, उद्या मशीन ठेवू.

नको. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, पूर्ण धरायची ती २८ दिवसांनी. निदान दोन आठवडे पाणी मारा, मग स्पिरिट लेव्हल लावून बघा, आणि त्यानंतर गाडी बोलवा.