गाडी चालता चालता बंद पडते अन् दहा मिनिटांनी आपोआप चालू होते, फॉल्ट नेमका कुठे असेल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तीन गॅरेज फिरलात, प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, बॅटरीपण नवी टाकली, तरी मोटरसायकल मधेच बंद पडू राहिली आणि कधी कधी हॉर्न-इंडिकेटरपण जातात. ते शेवटचं महत्त्वाचं आहे अन् नेमकं तेच गॅरेजवाल्याला सांगायचं राहिलं असेल. हॉर्न काही पेट्रोलवर वाजत नाही ना. इंजिनासोबत हॉर्नपण गेला तर आधी दोघांना जिथून करंट येतो तिथे बघायचं, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज अन् त्याचा होल्डर, चावीचा स्विच, अर्थिंगची वायर.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा. माझ्या गाडीनं एक अख्खा उन्हाळा असाच छळला, भुसावळला जाताना केळीच्या ट्रकच्या मागे मधेच ठप्प, अन् मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे, ढकलत निंबाच्या सावलीत नेऊन साइड स्टँडला लावली की थोड्या वेळानं मुकाट्यानं चालू. सगळे म्हणे गरम होते, कॉइल बदल. बदलली, तीच गत. मग एकदा घरी गोठ्यासमोर गाडी चालू ठेवून सहज हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं तर बंद! डावीकडे घेतलं तर मीटरचा लाइट परत आला. चावीच्या स्विचची वायर हँडलजवळ वाकून वाकून आतून तुटलेली, वरचं प्लास्टिक मात्र अख्खं, दिसणार कसं? साइड स्टँडला लावली की हँडल डावीकडे पडायचं अन् आतली टोकं परत भिडायची, आणि मी समजत होतो गाडी गार झाली.

तर आधी हेच करा, चावी चालू ठेवून हॉर्न दाबत हँडल दोन्हीकडे वळवा, चावी थोडी हलवा, सीट काढून वायरिंग अन् कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड, हातानं हलवून बघा. कपलरमधे हिरवं-पांढरं साचलेलं असेल किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर फॉल्ट तिथेच समजा. प्रेशरनं गाडी धुवायची सवय असेल तर कपलरमधे पाणी जातंच. अन् गाडी शेडमधे लावत असाल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा, हसू नका, शेतातल्या गाड्यांमधे हे फार होतं.

मग व्होल्ट मोजायचं साधं मल्टिमीटर घ्या. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या मधे यायला पाहिजे. १५ च्या वर गेली तर आरआर युनिट, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा डबा, खराब समजा, अन् रेस देऊनही १२ वरच अडकली तर चार्जिंगच होत नाही, मग कितीपण नवी बॅटरी टाका, ती चार दिवसांनी बसणारच. अन् चार्जिंग बघायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढणारे जुने मिस्तरी असतात, त्यांना हात लावू देऊ नका, त्या झटक्यात सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाऊ शकतो.

बंद पडल्यावर हॉर्न खणखणीत वाजत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच टाकीचं झाकण उघडा, सुस्स करून हवा आत गेली अन् गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, फुकटात काम. तसं नसेल तर किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), साइड स्टँडचा स्विच असेल तर तो, आणि मग पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगी कधी टाकायची त्याचा इशारा देणारी, ती गरम झाल्यावर खरंच दगा देते अन् गार झाल्यावर परत चालते. पण बरेच जण सुरुवातच तिथून करतात आणि पैसे घालवतात.

फ्यूज सारखा उडत असेल तर त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. वायर सापडली तर नुसती पिळून टेप मारू नका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा अन् हँडलजवळ वायरला थोडी ढील ठेवा. माझी टेप मारलेली होती ती पंधरा दिवसांत परत सुटली, तीपण भर बाजारात.