गुडघा बदलला, पहिला दिवस मजेत गेला, मग रात्री एवढं का दुखलं?

प्रश्न: डॉक्टर, आईचं (वय ६८) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाठीत भुलीचं इंजेक्शन आणि नंतर मांडीत ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिला होता. पहिल्या दिवशी आई म्हणे काहीच दुखत नाही, गोळीसुद्धा नको म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अक्षरशः रडायला लागली. ब्लॉक फेल गेला का?

उत्तर: नाही हो, फेल नाही, त्याचा असर संपला. पाठीतल्या इंजेक्शनचा परिणाम काही तासच टिकतो, मांडीतल्या ब्लॉकचा साधारण १२ ते २४ तास, आणि तो उतरला की दुखणं एकदम उसळून येतं. म्हणून दुखत नसलं तरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, ‘नको’ म्हणाली आणि तुम्हीही ऐकलंत, तिथेच घोळ झाला. (आपल्या आयांना गोळी टाळण्यात काय पराक्रम वाटतो कुणास ठाऊक!) पेनकिलर मात्र मनाने वाढवू नका, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आधी सांगा.

आजकाल बऱ्याच ठिकाणी सोनोग्राफीत बघून मांडीच्या मधल्या भागात, अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये (स्नायूंमधली नसांची वाट) ब्लॉक देतात, कारण जांघेत दिला तर मांडीचा स्नायू ढिला पडतो आणि माणूस उठायला जाऊन पडतो. तरी पहिले एक-दोन दिवस वॉकर आणि सोबत कुणीतरी हवंच. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, आणि व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.