कॅथलिक शाळेतली दुसरी: मे महिन्याची तयारी सप्टेंबरातच करा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून न्यू जर्सीला आल्यावर मुलीला कॅथलिक शाळेत घातलं आहे, सप्टेंबरपासून ती दुसरीत बसेल, घरी गौरी-गणपती, सणवार सगळं आहे, तर या वर्षी पालकांनी कशाची अपेक्षा ठेवावी. आमची मुलगी याच राज्यात अशाच एका शाळेत दुसरी शिकली, आता चौथीत आहे. अभ्यास, फी, बस याबद्दल पुढे लिहितेच. पण आधी ती गोष्ट सांगते, जी मला वेळेवर कुणी सांगितली नाही आणि जिच्यापायी माझी मुलगी एका दुपारी गाडीत हमसून हमसून रडली.

कॅथलिक शाळेत दुसरी म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं वर्ष. मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, धर्मगुरू जी पातळ, पांढरी, गोल भाकर देतात ती कॅथलिक माणसासाठी प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असते. ती आयुष्यात पहिल्यांदा घेण्याचा सोहळा इथे बहुतेक ठिकाणी दुसरीतच होतो. पूर्वी त्यासाठी मुलांना दहा-बारा वर्षांचं, कधी त्याहूनही मोठं होईपर्यंत थांबावं लागायचं. १९१० साली पोप दहावे पायस यांनी फर्मान काढलं की मूल सात वर्षांच्या सुमारास बरंवाईट ओळखायला लागलं, की त्याला आणखी ताटकळत ठेवू नये. त्याआधी पहिलं कन्फेशन व्हावं लागतं, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपल्या चुका सांगून क्षमा मागायची. ते साधारण नाताळाआधी किंवा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात होतं आणि कम्युनियन ईस्टरनंतर, एप्रिल-मेमध्ये.

म्हणजे तुमच्या मुलीचा वर्ग अख्खं वर्ष एका दिवसाची तयारी करत असणार आहे. धर्माच्या तासाला त्याचाच धडा, भिंतीवर त्याचीच चित्रं, गाण्यांची तालीम, चर्चमध्ये रांगेनं चालण्याची तालीम, प्रार्थनेनं पवित्र न झालेली साधी भाकर हातात घेऊन ती कशी घ्यायची याचीही तालीम. फेब्रुवारीपासून मुलींच्या बोलण्यात पांढरे ड्रेस आणि डोक्यावरच्या पातळ ओढण्या येतात, मुलांच्या बोलण्यात सूट आणि पांढरे टाय. आणि ज्या मुलांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, झालेला नाही, त्यांना हे काहीही मिळत नाही. वर्गात ती बसतात, परीक्षा देतात, तालमीला जातात, पण त्या दिवशी रांगेत नसतात.

हे शाळेच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी त्यावर सहीही केली होती. पण सात वर्षांच्या मुलीला नियमपुस्तिका कोण समजावून सांगतं? मार्चमध्ये एकदा शाळा सुटल्यावर तिनं मागच्या सीटवरून विचारलं, "आई, माझा ड्रेस कधी आणायचा? सगळ्यांचे आले." मी गाडी चालवत होते आणि माझ्या तोंडून सरळ निघून गेलं, "अगं, तुला नाही ते." पुढची वीस मिनिटं ती रडत होती. आपण काहीतरी चूक केली म्हणून आपल्याला वगळलं, असं तिला वाटलं होतं. त्या महिन्यात वर्गात चूक, पाप, क्षमा यांवरच धडे चालू होते, त्यामुळे तिनं असा अर्थ लावणं स्वाभाविकच होतं. हे सगळं सप्टेंबरमध्ये शांतपणे सांगता आलं असतं, याची रुखरुख मला आजही आहे.

घरी आल्यावर तिच्या बाबांनी तिला मावसभावाच्या मुंजीची आठवण करून दिली. आदल्या वर्षी आम्ही त्यासाठी पुण्याला गेलो होतो. त्या दिवशी बटू कोण होता? दादा. मातृभोजनाला मावशीच्या मांडीवर कोण बसलं? दादाच. तू काय केलंस? नटलीस, अक्षता टाकल्यास, जेवलीस, त्याला पुस्तकं दिलीस. तुला कुणी हाकललं का? तो दिवस त्याच्या घरच्या रीतीचा होता आणि तू त्याची जवळची पाहुणी होतीस. हे तिला लगेच समजलं. मे महिन्यात आम्ही तिघं त्या मिस्सेला गेलो, मधल्या बाकावर बसलो. तिच्या फिलिपिनो मैत्रिणीच्या घरी दुपारी जेवायला होतो. भेट काय न्यावी, हे मी मैत्रिणीच्या आईलाच विचारून घेतलं होतं.

तेव्हा पहिलं काम हे: शाळा सुरू होण्याआधीच तिला सांगा की मे महिन्यात वर्गातल्या पुष्कळ मुलांचा एक मोठा दिवस येतो, आपण त्याला पाहुणे म्हणून जाऊ. आणि शिक्षिकेला भेटून विचारा की बाकीच्या मुलांना त्या दिवशी काय काम देतात. काही ठिकाणी ती गायनवृंदात उभी राहतात, काही ठिकाणी मित्रमैत्रिणींसाठी कार्ड करतात. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत साधारण पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं, त्यामुळे शिक्षिकेला हा प्रश्न नवा नसतो. शाळेच्या नेहमीच्या मिस्सेत भाकर घेण्याची वेळ आली की काय करायचं हेही ठरवून घ्या. इथे पुष्कळ चर्चमध्ये अशी मुलं छातीवर दोन्ही हात फुलीसारखे ठेवून पुढे जातात आणि धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. बाकावर बसून राहिलं तरी चालतं. तिला ठाऊक नसेल आणि इतरांचं बघून तिनं हात पुढे केला, तर उगाच अवघड प्रसंग होतो.

रोजचा धर्म किती, तर पुष्कळ. सकाळी प्रार्थना, मग राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा, जेवणाआधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना. धर्म हा गणितासारखा विषय आहे, त्याला पाठांतर आहे, चाचणी आहे आणि प्रगतिपुस्तकात ग्रेड आहे. 'यातून सूट मिळेल का' हे विचारू नका, मिळत नाही, आणि माझ्या मते मागूही नये. ती शाळा आपण होऊन निवडली आहे. १ नोव्हेंबरला संतांचे पोशाख, डिसेंबरमध्ये बाळ येशूच्या जन्माचं नाटक, जानेवारीच्या शेवटी सुरू होणारा कॅथलिक शाळांचा आठवडा, लेंटमध्ये गरिबांसाठी पैसे साठवायची पुठ्ठ्याची पेटी, मेमध्ये मरियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट. मुलांना हे सगळं मनापासून आवडतं.

यातून घरी प्रश्न येतात, ते अंगावर घ्यायची तयारी ठेवा. आमची मुलगी गणपतीपुढे हात जोडून झाल्यावर कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रॉसची खूणही करायची. व्हिडिओ कॉलवर आजीनं ते पाहिलं आणि ती गप्प झाली. आम्ही दोघींनाही काही बोललो नाही. काही महिन्यांनी मुलीनं आपण होऊन देवघरातली पद्धत घरी आणि शाळेतली शाळेत ठेवली. पण एक प्रश्न मात्र असा सोडून देण्यासारखा नव्हता. वर्गातल्या कुणी तरी तिला म्हटलं की बाप्तिस्मा नसलेले स्वर्गात जात नाहीत. त्या रात्री तिनं विचारलं, "म्हणजे आजोबा कुठे आहेत?" अशा वेळी "असं नसतं गं" म्हणून पुढे जाऊ नका. आपल्या घरी काय मानतात ते स्पष्ट सांगा, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षिकेशी बोला. आमच्या शिक्षिकेनं त्याच दिवशी वर्गाशी फार मायेनं बोलून ते निस्तरलं.

आणि या वर्षानं दिलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. कन्फेशनचे धडे ऐकून ऐकून आमच्या मुलीनं एका संध्याकाळी येऊन सांगितलं की आजोबांच्या फोटोची काच वाऱ्यानं पडून फुटली नव्हती, तिच्या चेंडूनं फुटली होती. घटनेला चार महिने झाले होते. कुणी विचारलंही नव्हतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना चूक कबूल करायला आणि माफी मागायला इतक्या गांभीर्यानं, रोज थोडं थोडं शिकवताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

डबा शाकाहारी असेल तर लेंटमध्ये त्याची चिंता तुम्हाला नाही. लेंट ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आणि लेंटमधल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. नियमाप्रमाणे ते चौदा वर्षांपुढच्यांना लागू आहे, तरी शाळेच्या कँटीनमध्ये त्या दिवशी सगळ्यांनाच चीज पिझ्झा नाही तर मासे असतात. त्या बुधवारी कपाळाला राख लावतात, ती कुणालाही लावून घेता येते. लावायची की नाही, हे आदल्या दिवशी घरी ठरवा.

आता अभ्यास. पुण्याच्या शाळेतून आलेल्या मुलीला गणित सुरुवातीला सोपं वाटेल आणि तुम्हाला ते हळू वाटेल. दुसरीत हजारापर्यंत स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज-वजाबाकी, पाच-पाच मिनिटांनी घड्याळ, नाणी, लांबी मोजणं एवढंच असतं. गुणाकार खऱ्या अर्थानं तिसरीत येतो. पाढे घरी मराठीत चालू ठेवा, त्यानं काही बिघडत नाही. पण "बे एके बे" येतं म्हणून गणित येतं असं समजू नका. इथे उत्तरापेक्षा ते कसं काढलं हे चित्र काढून, वाक्यात लिहून दाखवावं लागतं आणि आपली मुलं तिथेच अडतात. नाण्यांचा सराव खरी नाणी हातात देऊन घ्या. डाइम आकारानं निकेलपेक्षा लहान आणि किमतीला दुप्पट, हे आमच्या मुलीला महिनाभर पटत नव्हतं. फूट आणि इंचही तिला नवीन असतील.

खरा जोर वाचनावर असतो. पहिलीपर्यंत मुलं वाचायला शिकतात, दुसरीत वाचून समजायला लागावं अशी अपेक्षा असते. रोज वीस मिनिटं वाचन, त्याची वहीत नोंद आणि पालकाची सही. सोमवारी स्पेलिंगची यादी, शुक्रवारी चाचणी. एकूण गृहपाठ अर्ध्या तासाच्या आसपास. हस्ताक्षराबद्दल कॅथलिक शाळा आग्रही असतात, पुष्कळ ठिकाणी दुसरीच्या उत्तरार्धात अक्षरं जोडून लिहायचं वळण, म्हणजे कर्सिव्ह, सुरू करतात.

वाचनात मूल खरोखर अडखळत असेल तर तेही याच वर्षी उघडं पडतं, आणि इथे कॅथलिक शाळेचा एक तोटा आहे. सरकारी शाळेत विशेष गरज असलेल्या मुलाला कायद्यानं स्वतःचा शैक्षणिक आराखडा आणि त्याप्रमाणे सेवा मिळण्याचा हक्क असतो. आपण होऊन खासगी शाळेत घातलेल्या मुलाला तो हक्क तसाच्या तसा मिळत नाही. तरीही तपासणी मोफत मागता येते, आणि न्यू जर्सीत खासगी शाळेतल्या मुलांनाही पूरक शिकवणी, इंग्रजीची मदत, वाचादोषावरची मदत राज्याच्या पैशातून मिळते. त्यासाठी ४०७-१ नावाचा फॉर्म भरावा लागतो. शंका आली तर "थोडी मोठी झाली की येईल" म्हणत वर्ष घालवू नका, ऑफिसात तो फॉर्म मागा.

पैशांचं म्हणाल तर फी शाळेगणिक वेगळी, आणि त्या चर्चच्या सभासदांना बहुधा कमी. तुम्हाला वरचा दर लागेल असं धरूनच हिशोब करा. त्यावर गणवेश, पुस्तकांची फी आणि निधी गोळा करण्याचे कार्यक्रम. 'ट्रिकी ट्रे' हा शब्द तुम्हाला लवकरच ऐकू येईल: देणगीत आलेल्या वस्तूंच्या टोपल्यांसमोर तिकिटं टाकायची आणि सोडत निघते. पालकांना वर्षाला ठरावीक तास शाळेसाठी काम करावं लागतं, न केल्यास बऱ्याच ठिकाणी पैसे भरावे लागतात. त्याआधी पार्श्वभूमीची तपासणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. चर्चमधल्या अत्याचारांच्या प्रकरणांनंतर २००२ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी नियमावली केली, त्यातून हे आलं. कंटाळवाणं वाटलं तरी ते प्रशिक्षण नीट बसून घ्या. आणि तिथेच, न संकोचता, शाळेत मोठ्या माणसांवर कोणते नियम आहेत ते विचारा.

बसबद्दल पुष्कळांना माहीत नसतं. तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारा स्कूल डिस्ट्रिक्ट त्या शाळांतल्या मुलांना बस देत असेल आणि कॅथलिक शाळा घरापासून दोन मैलांहून लांब, पण वीस मैलांच्या आत असेल, तर बस किंवा तिच्याऐवजी ठरावीक रक्कम मिळू शकते. फॉर्मचं नाव बी-६-टी. हा हक्क न्यू जर्सीतल्याच यूइंग टाउनशिपच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला होता. अर्ज आदल्या वसंत ऋतूतच मागवतात, म्हणून आजच ऑफिसला फोन करा.

शेवटी एक लहानसं. दिवाळीची सुट्टी शाळेच्या कॅलेंडरमध्ये असेलच असं नाही. नसली तर आठवडाभर आधी शिक्षिकेला चिठ्ठी द्या आणि जमल्यास विचारा की मुलीला वर्गात पणती दाखवून दोन वाक्यं बोलू द्याल का. आमच्या मुलीनं बोलताना आकाशकंदील नेला होता. तो नाताळापर्यंत त्यांच्या वर्गाच्या खिडकीत लटकत होता, शेजारी बाळ येशूचा गोठा.